वावरातली चिप कोणत्या भाषेत बोलते?

बोर्ड विकत घेणं सोपं, एका पिझ्झाच्या पैशात काम होतं. खरी गोची पुढे आहे. त्याला शिकवायचं कोणत्या भाषेत? सी++, पायथन की आणखी काही? गुरुकुंज मोझरीच्या एका वावरात मिळालेलं हे एकदम प्रॅक्टिकल उत्तर.

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी असतोच. आठवडाभर आयटीत राबणार आणि शनिवारी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून वायरी, सेन्सर, एलईडी असा सगळा संसार पिशवीत भरून आणणार. बाल्कनीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी, दार उघडलं की मोबाइलवर मेसेज… आयडियांना तोटा नाही. या सगळ्याच्या पोटात असतो मायक्रोकंट्रोलर. म्हणजे नखाएवढ्या चिपमध्ये बसवलेला बारकासा कॉम्प्युटर. प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पिना, सगळं एकाच ठिकाणी. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. एकच प्रोग्राम आणि तोच रात्रंदिवस चालणार. तुमच्या वॉशिंग मशिनमध्ये, मायक्रोवेव्हमध्ये, टीव्हीच्या रिमोटमध्ये हाच बसलेला असतो.

अशा दोन मंडळींना एका टेबलावर बसवा आणि हळूच विचारा, “सी बरी की पायथन?” चहा गार होईल, पण वाद थांबणार नाही. एक म्हणणार, सी येत नाही तो कसला इंजिनिअर! दुसरा म्हणणार, कुठल्या जमान्यात राहतोस बॉस! मग स्पीड आणि मेमरीचे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकले जातात. हे वाद ऐकताना काहीतरी राहून जातंय असं मला नेहमी वाटायचं. ते काय, हे मला मोझरीत कळलं.

लाईन, काका आणि रात्रीचं ओलित

अमरावतीहून नागपूरच्या हायवेला लागलं की तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी येते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली स्थापन केलेल्या आश्रमामुळे महाराष्ट्राला माहीत असलेलं गाव. माझी मावशी तिथली. मावसभाऊ इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी. ई. झालाय. घरी संत्र्याची बाग, थोडं कापूस-सोयाबीन आणि विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर.

प्रॉब्लेम एकच, लाईन! शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की काका हातात बॅटरी आणि काठी घेऊन वावरात. थंडी, साप, रानडुकरं, सगळं आलं. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. पण पीक थांबत नाही ना! पाळी रात्रीची असली की ओलितही रात्रीच.

तुम्ही म्हणाल, यावर उपाय आहेत की. आहेतच. लाईन आली की मोटर चालू करणारे ऑटो स्टार्टर आहेत. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी तर मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारं ‘नॅनो गणेश’ केव्हाच तयार केलं आणि २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत बक्षीसही मिळवलं. पण भावाला आणखी थोडं हवं होतं. बागेचे तीन भाग, प्रत्येकाची जमीन वेगळी. ओल बघून पाळीपाळीने पाणी सोडायचं आणि काकांना मेसेज करायचा. म्हणून त्याने स्वतःच डबा बनवायला घेतला.

मी मोझरीला पोचले तेव्हा ओट्यावर दोन बोर्ड मांडलेले होते आणि पठ्ठ्या भाषेवर अडला होता. कारण टेक्निकल नव्हतं. महिनाभराने त्याला पुण्यात नोकरीवर रुजू व्हायचं होतं.

“ताई, बोर्ड कोनताबी घेऊ. पन मी पुन्याले गेल्यावर हा डब्बा बिघडला त मंग कोन पाह्यन?”

काकांची अपेक्षा त्याहून साधी. “मोटर चालू झाली त झाली म्हन, नाही झाली त नाही म्हन. बाकी तुह्या कॉम्प्युटरचं मले काय करा लागते?”

दोन किलोबाइटचा संसार

आधी थोडा फ्लॅशबॅक. १९८० साली इंटेलची ८०५१ ही चिप आली. तिच्यात प्रोग्रामसाठी ४ किलोबाइट जागा आणि काम करायला १२८ बाइट मेमरी. होय, बाइट! इतक्या चिंचोळ्या जागेत बरेच जण थेट असेंब्लीत लिहीत, म्हणजे चिपला कळणाऱ्या एकेका हुकमाच्या भाषेत. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या कित्येक बॅचेस याच ८०५१वर पास झाल्या. हळूहळू असेंब्लीची जागा सीने घेतली. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये घडवलेली ही भाषा माणसाला वाचता येते आणि चिपलाही जड होत नाही.

२००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावच्या डिझाइन संस्थेतून आर्डुइनो आला आणि चित्रच पालटलं. नाव गावातल्या एका बारवरून ठेवलेलं! इंजिनिअर नसलेल्यांनाही जमेल असा बोर्ड आणि त्याच्यासोबत सोपं सॉफ्टवेअर. लोक सहज ‘आर्डुइनोची भाषा’ म्हणतात, पण ती असते सी++च, वर मदतीला तयार फंक्शन्स.

त्यातला सगळ्यात लाडका बोर्ड म्हणजे उनो. प्रोग्रामला ३२ किलोबाइट, कामाला फक्त २ किलोबाइट मेमरी. ही मेमरी किती, तर गंमत बघा. ‘मोटर चालू झाली’ एवढं एक वाक्य देवनागरीत ठेवायला ३८ बाइट लागतात, कारण युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना-मात्रासुद्धा वेगळा मोजायचा! अशी पन्नासेक वाक्यं मेमरीत ठेवली की उनोचं घर भरलं. इथे काटकसर जमणारी भाषाच हवी आणि सी++चा त्यात हात धरणारं कोणी नाही.

एक मिनिट की पन्नास दिवस?

पण काटकसरीची किंमतही असते. भावाने मला एक नमुना दाखवला. उनोवर एलईडी लावला आणि एक मिनिट थांबून तो बंद कर, असं लिहिलं. थांबायची वेळ मिलिसेकंदात द्यायची असते, म्हणून त्याने ६० गुणिले १००० असं टाकलं. मिनिट गेलं, दहा मिनिटं गेली, एलईडी आपला चालूच.

झालं काय? उनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो. त्यात ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो. ६०,००० मावले नाहीत, ते उलटून उणे ५,५३६ झाले. मग तीच उणे संख्या ‘किती थांबू’ या मोठ्या, फक्त अधिक आकडे घेणाऱ्या खान्यात गेली आणि झाली जवळपास ४२९ कोटी ५० लाख मिलिसेकंद. म्हणजे सुमारे ४९.७ दिवस! एलईडीच्या जागी मोटर असती तर? विहीर आटली असती आणि मोटर जळाली असती.

यावर इलाज आहे. आकडा ‘मोठा’ आहे असं सीला आधीच सांगायचं की काम होतं. पण ते सांगायला हवं हे माहीत असावं लागतं. कहर म्हणजे हीच ओळ ईएसपी३२ या बोर्डवर बिनबोभाट चालते, कारण तिथे पूर्णांक ३२ बिटांचा असतो. भाषा तीच, बोर्ड बदलला की अर्थ बदलला! पायथनमध्ये मात्र आकडा वाढेल तशी जागा आपोआप वाढते. तिथे हा गुणाकार असा उलटतच नाही.

पायथनची एन्ट्री

पायथन ही खरी तर मोठ्या कॉम्प्युटरची भाषा. तिला छोट्या चिपमध्ये बसवायचं काम डेमियन जॉर्ज या ऑस्ट्रेलियन फिजिसिस्टने केलं. २०१३ मध्ये त्याने किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे केले आणि मायक्रोपायथन जन्माला आली. तिला कमीत कमी २५६ किलोबाइट प्रोग्रामची जागा आणि १६ किलोबाइट मेमरी लागते. उनोवर ती मावणारच नाही. पण २०१६ मध्ये आलेल्या ईएसपी३२मध्ये ५२० किलोबाइट मेमरी आणि वर वायफाय. जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरला आलेल्या रास्पबेरी पाय पिकोत २६४ किलोबाइट. म्हणजे जागेची अडचण संपली.

मजा कुठे येते माहितीये? सी++मध्ये लिहा, कंपाइल करा, बोर्डवर चढवा, मग बघा. मायक्रोपायथनमध्ये बोर्डशी चक्क गप्पा मारता येतात. एक ओळ टाइप केली की लगेच एलईडी पेटतो. ओल मोजणारा सेन्सर कोरड्या मातीत किती दाखवतो आणि ओल्या मातीत किती, हे आम्ही मावशीच्या तुळशीच्या कुंडीवर अर्ध्या तासात बघून घेतलं. ब्रिटनमध्ये २०१६ साली शाळकरी मुलांना लाखोंच्या संख्येने वाटलेल्या मायक्रोबिट बोर्डवरही मायक्रोपायथन चालते, ती याच सोपेपणामुळे.

तोटे? वेग सीपेक्षा कित्येक पट कमी. शिवाय मेमरीची साफसफाई करायला ती मधूनच काही मिलिसेकंद थांबते. ड्रोन उडवायचा असेल तर हे चालणार नाही. पण संत्र्याच्या झाडाला पाणी दहा मिलिसेकंद उशिरा मिळालं तर झाड थोडंच तक्रार करणार आहे? तेव्हा बहुतेक घरगुती आणि शेतीच्या कामांत वेगाचा मुद्दा गैरलागू असतो. आणि नेमका त्यावरच आपण सगळ्यात जास्त भांडतो!

पायथन नक्की चालतंय कुठे?

इथे एक गोंधळ मिटवून घेऊ. ‘मी आर्डुइनो पायथनमधून चालवतो,’ असं कोणी म्हणालं तर विचारा, पायथन बोर्डवर आहे की लॅपटॉपवर? आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली फॉसी हा ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा प्रकल्प उभा राहिला. त्यांनी आर्डुइनोचे तेच प्रयोग सायलॅब, पायथन, ज्युलिया, ओपनमॉडेलिका अशा वेगवेगळ्या मार्गांनी करून दाखवणारं साहित्य तयार केलंय. भारी काम आहे, कारण हातात असलेली भाषा घेऊन विद्यार्थी थेट हार्डवेअरला भिडतो. पण या पद्धतीत बोर्डवर छोटा सी++ प्रोग्राम असतो आणि डोकं लॅपटॉपमध्ये. यूएसबीची वायर काढली की खेळ संपला. लॅबसाठी हे झकास, वावरासाठी नाही. विहिरीवर लॅपटॉप कोण ठेवणार? (त्याच आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये सी आणि सी++चे धडे मराठीतही आहेत, बरं का!)

मोझरीची परीक्षा

आता मुद्द्यावर येते. भावाने डोकं लावून एक परीक्षा घेतली. स्वतःची नाही, शेजारच्या डिप्लोमावाल्या मुलाची. उद्या काही बिघडलं तर काका त्यालाच हाक मारणार होते. त्याला दोन्ही डबे दिले आणि सांगितलं, पाण्याची वेळ ४० मिनिटांची ६० कर.

सी++च्या डब्यात बोर्डवर असतो तो कंपाइल झालेला मशीन कोड. मूळ प्रोग्राम त्यातून परत मिळत नाही. तो असतो भावाच्या लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉप तर पुण्याला चाललेला! पेन ड्राइव्हवरून प्रोग्राम दिला, तर त्या पोराच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर हवं, त्या बोर्डचं पॅकेज हवं, लायब्ररीची तीच व्हर्जन हवी. मोबाइलच्या नेटवर हे सगळं उतरवण्यात दुपार गेली. मायक्रोपायथनच्या डब्यात मूळ प्रोग्राम साध्या मजकुराच्या फाइलीत बोर्डवरच बसलेला होता. थॉनी नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, फाइल उघडली, ४० खोडून ६० केले, सेव्ह. पाच मिनिटांत काम फत्ते. नावंही भावाने रोमन अक्षरांत पण मराठी शब्दांनी ठेवली होती, शेजारी देवनागरीत टिपा. वाचताच कळतं.

पायथन जिंकली? थांबा. दुसरा पेपर उलटा होता. भावाने मुद्दाम ‘मोटर बंद कर’ या ओळीतल्या नावाचं एक अक्षर चुकवलं. सी++च्या कंपायलरने तिथल्या तिथे हटकलं, प्रोग्राम बोर्डवर चढूच दिला नाही. मायक्रोपायथनने मात्र काही तक्रार न करता फाइल घेतली. मोटरच्या जागी लावलेला एलईडी पेटला आणि बंद करायची वेळ आल्यावर प्रोग्राम त्या ओळीवर अडखळून पडला. एलईडी चालूच! चूक सी++ने घरात सांगितली. पायथनने ती सांगितली असती रात्री दोन वाजता, वावरात.

म्हणजे एक भाषा दुरुस्तीला सोपी, दुसरी चुकीला कडक. मग निवडायची कोणती?

दोन्ही! भावाने कामाचेच दोन भाग केले. मोटरच्या रिलेला हात लावायचा अधिकार फक्त उनोला, सी++मध्ये. त्याचा नियम एवढाच की दर पाच सेकंदांनी ‘चालू ठेव’ असा निरोप आला तरच मोटर चालू, निरोप थांबला की बंद, आणि काहीही झालं तरी ठरलेल्या वेळेपलीकडे बंद. साठेक ओळींचा प्रोग्राम, पुन्हा कधी बदलायची गरज नाही. त्याची प्रिंट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डब्यातच ठेवली. ओल मोजणं, कोणत्या भागाला किती वेळ पाणी, काकांना मेसेज हे सगळं ईएसपी३२वर, मायक्रोपायथनमध्ये. ते बदलत राहणार, म्हणून ते उघडायला सोपं. आता पायथन अडखळली तरी निरोप थांबतात आणि मोटर बंद पडते. खर्च वाढला तो एका बोर्डचा आणि ५ व्होल्ट-३.३ व्होल्टची जुळणी करणाऱ्या एका बारक्या सर्किटचा.

भाषा कोणतीही असो, हे विसरू नका

* वॉचडॉग चालू ठेवा. प्रोग्रामने ठरावीक वेळात ‘मी जिवंत आहे’ असं कळवलं नाही तर चिप स्वतःच रीस्टार्ट होते. सी++ आणि मायक्रोपायथन, दोन्हींत ही सोय आहे.
* लाईन जाऊन आली की बोर्ड पहिल्यापासून सुरू होतो. त्या क्षणी मोटर बंद असली पाहिजे, हे प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला लिहा.
* बोर्डला घड्याळ कळत नाही. मोझरीत पुण्यतिथी महोत्सवात ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो लोक एकदम स्तब्ध होतात. तुमच्या बोर्डला ४.५८ कळायचे तर बॅटरीवर चालणारं घड्याळाचं मॉड्यूल लावा किंवा नेटवरून वेळ घ्या.
* थ्री फेजची जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले काढू नका. प्रोग्राम कितीही शहाणा असला तरी तो मोटरचा एकमेव रखवालदार नसावा.

तुमच्यासाठी कोणती?

आजवर एक ओळही लिहिली नसेल तर मायक्रोपायथन आणि पिको किंवा ईएसपी३२. पहिल्या संध्याकाळी काहीतरी हलतं, पेटतं आणि उत्साह टिकतो.

जुना उनो पडून असेल किंवा नेटवरचे तयार प्रोजेक्ट करून बघायचे असतील तर आर्डुइनोची सी++. कोणताही सेन्सर घ्या, त्याची लायब्ररी बहुधा तयार मिळते.

बॅटरीवर महिनोन्महिने चालवायचं असेल तरी सी++. असं यंत्र बहुतेक वेळ झोपलेलं असतं आणि क्षणभर जागं होतं. जागं झाल्यावर मायक्रोपायथनला आळोखेपिळोखे द्यायला जास्त वेळ लागतो आणि तेवढी बॅटरी जाते.

एम्बेडेडमध्ये करिअर करायचं असेल तर सीला पर्याय नाही, तिच्यावाचून इंटरव्ह्यूत अडाल. सोबत रस्टवर नजर ठेवा. २०१५ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आलेली ही भाषा मेमरीच्या बऱ्याच चुका कंपाइल होतानाच पकडते. शिकायला मात्र घाम निघतो.

आणि फॅशनच्या मागे लागू नका. २०१४ च्या सुमारास नोडएमसीयू बोर्ड आला तो ब्राझीलमध्ये जन्मलेली लुआ ही भाषा घेऊन. आज तोच बोर्ड बहुतेक जण आर्डुइनोच्या सी++मध्ये चालवतात. बोर्ड राहिला, भाषा बदलली.

भाऊ आता पुण्यात आहे. मध्यंतरी डिप्लोमावाल्या पोराने त्याला न विचारता बागेच्या तिसऱ्या भागाची वेळ कमी केली, कारण तिथे पाणी साचत होतं. भावाला ते काकांच्या फोनवरून कळलं. तो खूश, मीही खूश.

तुकडोजी महाराजांनी मराठीत लिहिलं आणि हिंदीतही. गावासाठी लिहिलेली ग्रामगीता मात्र मराठीत. समोर कोण आहे त्यावर भाषा ठरते, हे या गावाला नव्याने सांगायला नकोच. तुम्हीही या शनिवारी बोर्ड घेऊन बसाल तेव्हा स्पीड आणि मेमरीच्या आधी एवढं विचारा: मी नसताना हा डबा कोण उघडणार आहे? आणि माझी चूक त्याला कुठे सापडेल, टेबलावर की रात्रीच्या वावरात? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की भाषा निवडायला चहा गार होईपर्यंत वेळ लागत नाही.